वाचनालयाच्या पाटीला मी दिलेलं ओके

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत माझ्या अक्षरात एक वाक्य आहे. ‘डिझायनरच्या अज्ञानामुळे फलकावर इंग्रजीची चूक राहिली, सबब फलक बदलून घेण्यात आला.’ खाली अध्यक्षांची सही आणि सचिव म्हणून माझी. अक्षर सुरेख आहे. वाक्य खोटं आहे. लिहिताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं, आणि ती वही सहा वर्षं माझ्याच कपाटात होती.

मी एकतीस वर्षं नाशिकच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. तेवढ्या काळात पुष्कळ गोष्टींची चीड आली आणि गेली. एक चीड टिकली ती अपॉस्ट्रॉफीची. ज्यांचा इंग्रजीशी संबंध सुटला आहे त्यांच्यासाठी सांगतो. इंग्रजीत एखादी वस्तू कुणाची तरी आहे असं म्हणायचं असेल तर नावाला एस जोडतात आणि त्या एसच्या आधी वर एक छोटा स्वल्पविराम टांगतात. मालक बरेच असतील आणि अनेकवचनाचा एस आधीच लागलेला असेल, तर तो स्वल्पविराम एसच्या नंतर येतो. नुसतंच अनेकवचन असेल, मालकी कुणाचीच नसेल, तर तो मुळीच येत नाही. संपलं. एका तासात शिकवून होतं आणि नववीतल्या बऱ्या डोक्याच्या मुलाला जन्मभर पुरतं.

आता कॉलेज रोडवरून चालत जा. सँडविचेस, मोमोज, केक्स, शूज, सगळ्यांच्या डोक्यावर तो टांगलेला. लेडीज टेलरच्या पाटीवर एस सुटा पडलेला, म्हणजे तो शिंपी एकाच बाईचा, आणि त्या बाईचं स्पेलिंगही अर्धवट. पाट्या करणाऱ्यांचा समज असा, की शब्दाच्या शेवटी एस दिसला की त्याच्या आधी काहीतरी टांगायचं. दाराला लिंबू-मिरची टांगतात तसं. आणि जिथे खरोखर हवा तिथे नेमका नाही. लक्षावधी रुपयांचं फर्निचर असलेल्या दुकानात मी मालकाला हे सांगायला गेलो आहे. त्याने मला पाणी दिलं आणि म्हणाला, ‘काका, गिऱ्हाईक आत येतं ना, मग झालं.’

मी एक दोनशे पानी वही ठेवली होती. दुकान कुठे, पाटी काय, चूक काय, आणि शेवटच्या रकान्यात माझा शेरा. शेरे चांगले जमायचे. निवृत्तीनंतर सकाळी फिरून आलो की मंडळाच्या बाकावर मी ती वाचून दाखवायचो आणि सात-आठ म्हातारे हसायचे. त्यातल्या निम्म्यांना अपॉस्ट्रॉफी कुठे द्यायची हे माहीत नव्हतं. ते हसायचे, कारण दुसरा कुणीतरी मूर्ख आहे एवढं त्यांना कळायचं. मी शिक्षक, मला ते दिसत नव्हतं असं नाही. पण हसणारे हवे असले की माणूस त्यांची परीक्षा घेत नाही. आणखी एक गोष्ट लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा राहील. त्या वहीत दुकानाच्या पत्त्याशेजारी मी मालकाचं आडनावही लिहीत असे, आणि काही आडनावांवर माझे शेरे जास्त खमंग होत. तसं का होतं हे मला कुणी विचारलं नाही. ऐकणाऱ्यांना माहीत होतं.

वहीतल्या पाट्या संपल्या की मी शेंडीची गोष्ट सांगायचो. ती गोष्ट अशी. नववी ब मध्ये एक मुलगी होती. वडील कारकून, बौद्ध कॉलनीत घर, केस घट्ट वेणीत, मागच्या बाकावर. मला एक सवय होती. फळ्यावर मुद्दाम एखादं वाक्य चुकीचं लिहायचं आणि हात मागे बांधून वर्गाकडे बघत उभं राहायचं. कुणी उठून चूक दाखवली तर ठीक. नाही दाखवली तर पुढचा अर्धा तास वर्गाची खैर नसे. एकदा असंच एक वाक्य फळ्यावर असताना ती मुलगी उठली आणि म्हणाली, ‘सर, तिथे शेंडी नको.’

अपॉस्ट्रॉफीला ती शेंडी म्हणाली. वर्ग हसून फुटला. मी तिला फळ्याजवळ बोलावलं, शेंडी कशाला म्हणतात ते वर्गाला समजावून सांग म्हणालो. ती उभी राहिली. मी म्हणालो, ‘शेंडी कुणाच्या डोक्यावर असते आणि कुणाच्या नसते, ते तरी ठाऊक आहे का?’ वर्ग परत हसला. ही गोष्ट मी पंधरा वर्षं सांगितली. प्रत्येक वेळी लोक हसले. एकच भाग मी सांगत नसे. त्या दिवशी फळ्यावरची चूक मी मुद्दाम केली नव्हती. ती चूक माझीच होती.

आता पाटीकडे येतो.

करोनाच्या आदल्या वर्षी मंडळाने कॉलनीच्या मोकळ्या जागेतल्या हॉलमध्ये वाचनालय काढायचं ठरवलं. ठरवलं अध्यक्षांनी. अध्यक्ष मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बोलताना दर वाक्यात ‘ॲज पर रूल’. वाचनालय सुरू व्हायच्या आधीच त्यात त्यांची खुर्ची येऊन पडली होती. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. वर्तमानपत्र आधी ते वाचणार, मग बाकीच्यांनी घ्यायचं, तेही घडी न मोडता. मला हा माणूस सहन होत नसे. त्याचं इंग्रजी म्हणजे फायलीत तीस वर्षं सडलेली दहा-बारा वाक्यं, आणि तरी समारंभात इंग्रजी भाषण तोच करायचा.

पाटीचा मजकूर माझ्याकडे आला, कारण इंग्रजी म्हटलं की मी. वर मराठीत ‘ज्येष्ठ नागरिकांचे वाचनालय’ आणि खाली तेच इंग्रजीत. शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत एक फ्लेक्सचं दुकान होतं, तिथे मी कागद घेऊन गेलो. संगणकापुढे तिशीतली एक बाई बसली होती. मला बघून उठली.

‘सर, ओळखलंत का? नववी ब.’

‘अगं, तूच ना ती शेंडीवाली?’ मी म्हणालो.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघंही वळून बघायला लागली. ती हसली आणि तिने माझ्या हातातला कागद घेतला.

त्या दुकानाची एक पद्धत होती, तशी सगळ्याच फ्लेक्सवाल्यांची असते. आधी मजकूर लावून त्याचं प्रूफ गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचं. गिऱ्हाइकाने बघून ‘ओके’ लिहिलं की मगच प्रिंटला टाकायचं. त्यानंतर चूक निघाली तर गिऱ्हाइकाची. दुकानात डोक्यावर तशी पाटीच होती: ‘ओके दिल्यावर तक्रार चालणार नाही.’ ती मराठीत होती, म्हणून मला तिच्यात खोड काढता आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत चहा घेत असताना तिचा मेसेज आला. दोन फोटो आणि खाली मराठीत लिहिलेलं: ‘सर, दोन पाठवले आहेत. पहिल्यात शेंडी एसच्या नंतर, दुसऱ्यात एसच्या आधी. माझ्या मते पहिलं बरोबर, कारण नागरिक पुष्कळ आहेत. तरी तुम्ही ज्याला ओके म्हणाल तेच टाकते.’

बरोबर होतं. कारणासकट बरोबर. एकतीस वर्षांत असं उत्तर मला किती मुलांनी दिलं असेल? शिक्षकाला इथे आनंद व्हायला हवा. मला दुसऱ्या फोटोकडे बघून आनंद झाला. अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी आली की अर्थ होतो एकाच ज्येष्ठ नागरिकाचं वाचनालय. मला ताबडतोब अध्यक्षांची खुर्ची दिसली, ती किल्ली दिसली. उद्घाटनाच्या दिवशी मला दोन शब्द बोलायचे होतेच. ‘मंडळी, पाटी नीट वाचा. या पाटीप्रमाणे हे वाचनालय एकाच ज्येष्ठाचं आहे, आणि तो कोण हे मी सांगायला नको.’ वाक्य चहाच्या पेल्यातच तयार झालं.

मी दुसऱ्या फोटोखाली ‘ओके’ लिहिलं.

एक मिनिटाने तिचं उत्तर आलं. ‘सर, नक्की दुसरं?’

मी अंगठा पाठवला.

बायको शेजारी मटार सोलत होती. तिने विचारलं, ‘कुणाची पाटी सापडली आज? एकटेच हसताय.’ मी म्हणालो, ‘आहे एक.’ पुढचे आठ दिवस मी ते वाक्य घोळवत होतो. ‘एकाच ज्येष्ठाचं’च्या आधी किती थांबायचं हे मी आरशापुढे ठरवलं होतं. सत्तर वर्षांचा माणूस.

उद्घाटनाला पन्नासेक माणसं होती. पाटीवरचा पडदा बाजूला झाला, टाळ्या झाल्या, अध्यक्षांनी आपली दहा वाक्यं म्हटली. मग मी उठलो. माझं वाक्य मी ठरवल्याप्रमाणे टाकलं, थांबायचं तिथे थांबलो. हशा उसळला. कळलेले हसले, मग न कळलेलेही हसले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी भाषण ते. अध्यक्ष लाल झाले. मला वाटलं होतं ते निमूट बसतील. एवढ्या मोठ्या हुद्द्यावर राहिलेला माणूस अंगावर आलेल्या चुकीचं काय करतो ते मी विसरलो होतो. तो ती खालच्या माणसाकडे पाठवतो.

‘हे केलं कोणी?’ अध्यक्ष म्हणाले.

दुकानाचा मालक पहिल्याच रांगेत होता, त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा होता. तो उठून मागे वळला. ती मागे भिंतीला टेकून उभी होती. आपण केलेली पाटी वर चढताना बघायला आली होती, चांगली साडी नेसून.

‘काय गं, बघून करता येत नाही?’ मालक म्हणाला. ‘सगळ्यांसमोर लाज काढली. इंग्रजी येत नाही तर विचारायचं ना सरांना. सर तर इथेच आहेत.’

तिच्या हातात मोबाईल होता. त्यात माझं ओके होतं, तिने पुन्हा विचारलेलं होतं, आणि माझा अंगठा होता. तिने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या भाषणाच्या कागदाची घडी घालत होतो. एका कागदाच्या चार घड्या घालायला फार वेळ लागत नाही, पण मी लावला.

ती म्हणाली, ‘चुकलं.’

मालकाने संध्याकाळपर्यंत दुसरी पाटी आणून देतो म्हणून सांगितलं. मला कुणीतरी पाठीवर थाप मारली. पेढे वाटले. त्या रात्री मी इतिवृत्तात ते वाक्य लिहिलं. ‘चुकीमुळे’ लिहायचं होतं. ‘अज्ञानामुळे’ लिहिलं, ते वाक्यात जास्त चांगलं बसत होतं.

महिन्याभराने मी त्या गल्लीतून गेलो तेव्हा संगणकापुढे दुसरं कुणी होतं. मालक म्हणाला, ‘इंग्रजीची कामं मी तिच्याकडून काढून घेतली, तर रुसून गेली. जाऊ द्या सर. तुमच्यासारख्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.’ मी हो म्हणालो. घरी येऊन वहीत नवीन पाटी लिहिली. शेरा सुचला नाही, म्हणून रकाना मोकळा ठेवला. पुढे करोना आला, फिरणं बंद झालं, बाकावरचे दोघे गेले, वही माळ्यावर गेली. मी हे सगळं विसरलो असं म्हणता आलं असतं, पण मी ते मोबाईलमधलं संभाषण कधी पुसलं नाही. फोन बदलला तेव्हा नातीला सांगून ते नव्या फोनमध्ये आणवलं. का, ते नातीने विचारलं नाही.

गेल्या वर्षी थंडीत बुधवारी गोदाकाठच्या, आम्ही म्हणतो त्या गंगेवरच्या, बाजारात गेलो. मेथीवाली एक बाई बसली होती, वर चार बांबू आणि त्यावर जुन्या फ्लेक्सचा आडोसा. फ्लेक्सची छापील बाजू खाली होती. मी वाकून जुडी निवडत होतो आणि मान वर केली. ‘ज्येष्ठ नागरिकांचे वाचनालय’, उलटं. त्याखाली इंग्रजी, तेही उलटं, आणि एसच्या अलीकडे, बरोबर मेथीच्या ढिगावर लोंबत असलेली माझी अपॉस्ट्रॉफी. ती पाटी काढल्यावर मालकाने कुणाला तरी दिली असणार. तिथून ती फिरत इथे आली होती.

‘बाबा, वर काय बघता? पाऊस नाय येत,’ मेथीवाली म्हणाली. ‘घ्यायची का मेथी?’

‘हा कागद कुठून आणला?’

‘कागद नाय, बॅनर हाय. लय मजबूत हाय. चार वर्सं झाली, एक भोक नाय.’ तिने माझ्याकडे नीट बघितलं. ‘तुमचा हाय का?’

मी हो म्हणालो. का म्हणालो ते माहीत नाही.

‘मग आता नाय मिळायचा,’ ती म्हणाली आणि दोन जुड्या पिशवीत टाकल्या.

मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली आणि मी तिला पहिल्यांदा एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत खरी सांगितली. ती मेथी निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘आठ दिवस आरशापुढे बोलत होतात ते हेच होय? मला वाटलं माझ्या बहिणीच्या साठीचं भाषण बसवताय.’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘फोन करा तिला. मला सांगून काय उपयोग.’

फोन लावला, नंबर तोच होता. ती आता सिन्नरला होती. स्टँडसमोर तिचं स्वतःचं छोटं दुकान, झेरॉक्स, टायपिंग, बॅनर. मी एसटीने गेलो. दुकानाच्या पाटीवर एकही इंग्रजी अक्षर नव्हतं. मी ते बघतो आहे हे तिने बघितलं.

‘मुद्दाम,’ ती म्हणाली. ‘बसा सर. चहा सांगते.’

मी तयारी करून गेलो होतो. चांगली वाक्यं होती. पहिल्याच वाक्यात मी म्हणालो, ‘त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली.’

‘चूक नव्हती,’ ती म्हणाली. ‘तुमची चूक झाली असं वाटलं असतं तर मी मोबाईल काढून दाखवला असता. म्हाताऱ्या माणसाची होते चूक. पण शेंडीच्या बाबतीत तुम्ही चुकणार नाही, हे मला माहीत होतं. तुम्ही बोलायला उठलात आणि हसलात, तेव्हा मला कळलं की तुम्ही ते मुद्दाम ठेवलं होतं.’

‘मग तेव्हाच का नाही दाखवलं?’

‘काय दाखवू? सरांनी चुकीचं ओके दिलं? सगळे म्हणाले असते, सरांचं वय झालं. तुम्ही पण तेच म्हणाला असतात आणि सुटला असतात.’ तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. ‘आणि खरं सांगू का, त्याच्या आधीच माझं चुकलं होतं. मला बरोबर माहीत होतं. दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायचं होतं, अर्धा मेसेज लिहिला पण होता. मग म्हटलं, नको. सरांनी काहीतरी विचार करून लिहिलं असेल. नववीत एकदा उठले होते ना.’

मी चहाचा घोट घेतला.

‘ती गोष्ट अजून सांगता का हो सर?’ ती म्हणाली. ‘शेंडीची. माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांनी तुमच्याकडून ऐकली होती. तिने मला घरी येऊन सांगितली. तिला माहीत नव्हतं ती मुलगी मीच. चांगली सांगता म्हणाली.’

‘त्या दिवशी फळ्यावरची चूक माझीच होती,’ मी म्हणालो.

‘माहीत आहे. तुमचे कान लाल झाले होते. मुद्दाम केलेली असली की तुम्ही हात मागे बांधून उभे राहायचात. त्या दिवशी तुम्ही डस्टर शोधत होता.’

म्हणजे तिला तेव्हाही माहीत होतं. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी मला खोटं बोलताना बघत फळ्यापाशी उभी होती, आणि मी समजत होतो की मी तिची फजिती करतो आहे. मी तिला म्हणालो, तुझ्या इंग्रजीबद्दल मी चांगलं लिहून देतो, हवं तर शाळेच्या जुन्या लेटरहेडवर. हे बोलताना माझा आवाज मोठेपणाचा झाला होता, मलाच ऐकू आलं.

ती हसली, आणि ते हसू मी ओळखलं. वहीतले शेरे वाचताना मी असाच हसायचो.

‘सर्टिफिकेट ठेवा तुमच्याकडे. नाशिकच्या एका इंग्रजी शाळेच्या सगळ्या पाट्या करायच्या आहेत. वर्ग, स्टाफरूम, प्रयोगशाळा, मुलींचं, मुलांचं, सगळं. सगळीकडे शेंड्या. मी नमुने दिलेत, त्यांना आवडलेत. पण त्यांनी माझ्या जुन्या मालकाला विचारलं, आणि तो म्हणाला, मुलगी चांगली आहे पण इंग्रजीत कच्ची, एकदा आमची भर समारंभात अब्रू गेली होती. तो खोटं नाही बोलत. त्याला तसंच माहीत आहे. तुमच्या मंडळाच्या वहीत पण तसंच असणार.’

‘आहे,’ मी म्हणालो.

‘मग ते बदला. आणि मालकाला जाऊन सांगा. तुम्ही सांगा, मी सांगून तो ऐकणार नाही.’

दुसऱ्या दिवशी मी शरणपूर रोडला गेलो. मालकाने खुर्ची दिली. मी मोबाईल उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने चष्मा लावून वाचलं. तारीख बघितली, नंबर बघितला, दोन्ही फोटो मोठे करून बघितले. मग चष्मा काढला.

‘म्हणजे बरोबर असलेलं तिने आधी दिलं होतं,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘आणि तुम्हाला ते माहीत होतं.’

‘हो.’

‘सर, माझ्याकडे दिवसाला शंभर लोक येतात,’ तो म्हणाला. ‘नेत्याच्या नावात चूक करतात, पोराच्या वाढदिवसाला दुसऱ्याच पोराचा फोटो देतात. सगळे अडाणी. पण यातल्या एकाने कधी बघून, समजून, मुद्दाम चुकीचं ओके दिलं नाही. त्याला शिकलेलाच माणूस लागतो.’ त्याने फोन माझ्या हातात परत दिला. ‘शाळेत मी फोन करतो. आत्ताच करतो. तुम्ही बसून ऐका, म्हणजे परत कुणी म्हणायला नको.’

त्याने केला. मी बसून ऐकलं. तो सांगत होता ते सगळं खरं होतं, आणि त्यात माझा उल्लेख ‘एक गिऱ्हाईक’ एवढाच होता.

वहीतलं राहिलं होतं. इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही, खाली दुरुस्तीची नोंद करावी लागते. मी मजकूर लिहिला, चार वेळा लिहिला. मग कागदाचा फोटो काढून तिला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘प्रूफ. बघून कळव.’

उत्तर यायला दुपार झाली. ओके नव्हतं. लिहिलं होतं, ‘दुसऱ्या ओळीतलं “विनम्र व गुणी विद्यार्थिनी” काढा. मी विनम्र नव्हते, घाबरले होते. तिसऱ्या ओळीत “गैरसमजातून” लिहिलंय. कुणाचा गैरसमज? शेवटची ओळ पूर्ण काढा, ती तुमच्याबद्दल आहे.’

मी पुन्हा वाचलं. शेवटच्या ओळीत मला वाटणाऱ्या पश्चात्तापाबद्दल होतं, आणि ती ओळ सगळ्यात चांगली झाली होती. काढली. ‘गैरसमजातून’ काढलं, तिथे ‘हेतुपुरस्सर’ घातलं. पुन्हा फोटो पाठवला. या वेळी ओके आलं.

पुढच्या सभेत बावीस जण होते. अध्यक्ष तेच, खुर्ची तीच. ते म्हणाले, ‘दुरुस्ती असेल तर लिहून ठेवा, सही मी करतो. वाचायची गरज नाही, ॲज पर रूल.’ मी म्हणालो, वाचतो. उभा राहून वाचली. उद्घाटनाच्या फलकाची दोन प्रूफं डिझायनरने पाठवली होती, तिने बरोबर कोणतं तेही कळवलं होतं, सचिवांनी हेतुपुरस्सर चुकीच्या प्रूफाला संमती दिली आणि भर सभेत तिच्यावर ठपका येऊ दिला, सबब आधीची नोंद असत्य आहे. सहा ओळी.

मी खाली बसलो. मग कोपऱ्यातून एक जण म्हणाले, ‘म्हणजे ती शेंडी एसच्या पुढे पाहिजे की मागे?’ दुसरे म्हणाले, मागे. तिसरे म्हणाले, ‘छे, त्यांच्या काळात पुढे देत.’ निवृत्त झालेले एक बँकवाले म्हणाले की हल्ली अमेरिकेत ती देतच नाहीत, त्यांचा मुलगा तिथे असतो. अध्यक्षांनी सध्याची पाटी बरोबर आहे की नाही हे बघायला दोघांना बाहेर पाठवलं. ते परत येईपर्यंत तट पडले होते. वीस मिनिटं हे चाललं. चहा आला. एक जण माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘पण तुमचं भाषण काय झालं होतं हो त्या दिवशी. एकाच ज्येष्ठाचं. अजून आठवतं.’ आणि हसले.

सभा संपल्यावर मी तिथेच बसून त्या दिवसाचं इतिवृत्त लिहिलं. उपस्थिती बावीस. दुरुस्ती वाचून दाखवली. अपॉस्ट्रॉफीच्या स्थानाबाबत सविस्तर चर्चा झाली. त्याखाली मी एक ओळ घातली: ‘सदर मुलगी कोण, आता कुठे आहे व तिचे पुढे काय झाले, याबाबत कोणत्याही सदस्याने विचारणा केली नाही.’

वही अध्यक्षांपुढे ठेवली. त्यांनी न वाचता सही केली.